ओकावर ठोकलेलं मॅगझिन

डेल्मर प्रुएटच्या खाणीत दर शनिवारी मॅगझिनांना, म्हणजे रायफलीला गोळ्या पुरवणाऱ्या पत्र्याच्या डब्यांना, फाशी व्हायची.

लाल नदीच्या अलीकडे टकर्स बेंड गाव, गावाबाहेर चर्चच्या वाटेवर डेल्मरची बंद पडलेली खडीची खाण आणि खाणीच्या तोंडाशी एक म्हातारा ओक. रायफल ज्या कंपनीची त्याच कंपनीचं मॅगझिन लावावं, असं डेल्मरचं मत. पण गावात प्रत्येकाच्या शेडमध्ये पत्रा, स्प्रिंग आणि हातोडा. मग जो तो आपलं घरचं मॅगझिन बनवायचा आणि मोठ्या आशेनं डेल्मरपुढे आणून ठेवायचा. डेल्मर ते गोळ्यांनी भरून चिखलात बुडवायचा, हरणाच्या मांसाशेजारी फ्रीजरमध्ये गोठवायचा, त्याच्यावरून ट्रक न्यायचा आणि मग रायफलीला लावून सगळ्या गोळ्या झाडायचा. एक गोळी अडकली की खेळ खलास. अपराध्याला आधी डिझेलच्या बादलीत शेवटची आंघोळ, मग तळाच्या कडेतून ओकात सहा इंची खिळा, आणि शेजारी बनवणाऱ्याचं नाव लाल रंगात. इतकी वर्षं एकही मॅगझिन सुटलं नव्हतं. बुंधा खालपासून वरपर्यंत भरला होता. त्या ओकाला वसंतात पालवी फुटायची तीसुद्धा गंजलेली, असं लोक सांगत.

"दोष बंदुकीचा नसतो, माणसाचा नसतो," खिळा ठोकताना डेल्मर म्हणायचा. "दोष असतो तो मॅगझिनचा!" आणि लोक हसायचे. ज्याचं नाव लागलं तो सोडून सगळे. आणि एकदा ओकावर नाव लागलं की त्या माणसाच्या हातचं दाराचा कडीकोयंडासुद्धा कुणी विकत घ्यायचं नाही.

एका गुरुवारी डेल्मरच्या दारात वेन्डेल उभा राहिला. डेल्मरच्या मेलेल्या बायकोचा, नोव्हेलाचा, धाकटा भाऊ. कान मोठे, बोलणं सावकाश. दर सणाला टर्की कापताना डेल्मर सगळ्यांदेखत त्याला ठोंब्या म्हणत आला होता.

"दाजी, दोन आणलीत," वेन्डेल म्हणाला. तळाला पांढऱ्या रंगानं एक आणि दोन असे आकडे घातलेले. "ही जमली तर शेड सोडून गावात दुकान टाकीन म्हणतो."

"आणि नाही जमली तर?"

"मग ओकावर नाव लागेल. मग कसलं दुकान!"

वेन्डेल गेल्यावर डेल्मरनं एक नंबर उचललं आणि घरामागे गुपचूप सगळे छळ करून पाहिले. चिखल झाला, बर्फ झाला, ट्रक झाला. मॅगझिन आपलं गोळ्या देतच राहिलं, शेरडानं लेंड्या टाकाव्यात तसं, न थांबता. असली चीज डेल्मरच्या हाताला जन्मात लागली नव्हती. ह्या ठोंब्यापुढे आता टोपी काढायची? आणि एकदा एक सुटलं, की पुढच्या शनिवारी लोक कशाला येतील?

त्यानं पक्कड घेतली. मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याचे दोन ओठ असतात, गोळी धरून ठेवणारे. दोन नंबरचे ओठ त्यानं केसभर फाकवले. डोळ्याला कळू नये इतके, पण गोळीला कळावं इतके. एक नंबर मात्र त्यानं स्वतःला ठेवायचं ठरवलं.

शनिवारी दोन नंबरनं तिसऱ्याच गोळीला मान टाकली.

"दाजी, दुसरं लावून बघा की," वेन्डेल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"एक आई, दोन पोरं! एक चोर निघालं तर दुसरं काय साधू निघणार?" लोक खदखदले. त्या हशानं डेल्मरला असा काही चेव आला, की त्यानं दोन्ही मॅगझिनं ऐटीत डिझेलच्या बादलीत टाकली. "धुऊन निघू दे पाप!"

बाहेर काढली तेव्हा पाप होतं तिथंच होतं. आकडे मात्र धुऊन गेले होते.

डेल्मरनं हे उलटून पाहिलं, ते उलटून पाहिलं. दोन्ही जुळी. मागून हार्लन टीग ओरडला, "काय रे, दया आली का?" माझा डोळा कधी चुकत नाही, असं स्वतःला सांगत डेल्मरनं दोन नंबर समजून त्यातलं एक उचललं, शिडी लावली आणि बुंध्याच्या पार टोकाला, जिथं काय ती जागा उरली होती, तिथं ठोकून टाकलं. उरलेलं खिशात गेलं. वेन्डेलचं नाव लिहिताना त्यानं अक्षरं जरा मोठीच काढली.

रविवारी सकाळी गाव चर्चची तयारी करत असताना तो खाणीत गेला. एकट्यानं मजा घ्यायची होती. खिशातलं मॅगझिन रायफलीला लावलं, तोच झुडपातून डीकन आला.

डीकन म्हणजे रानडुक्कर. चर्चच्या सेवकासारखा रविवार चुकवत नसे म्हणून गावानं त्याला हे नाव दिलेलं. एवढं मोठं, की त्यानं एकदा ट्रॅक्टरची सीट खाल्ली आणि ढेकर दिली तेव्हा तीन मैलांवरची कुत्री घरात शिरली. डेल्मरनं गोळी झाडली. डीकनचा कान फाटला. दुसरी झाडायला गेला तर ती अडकली.

"मुडदा बसवला वेन्डेलचा, काय भंगार बनवतो!" डेल्मर मनापासून ओरडला. पक्कड त्याला आठवली ती पळताना.

रायफल मागे पडली. शिडी घरी होती. समोर ओक होता, आणि ओकावर पायऱ्या होत्या. हार्लनच्या मॅगझिनवर पाय ठेवला, ते मोडलं. शेजारचं धरलं, तेही निखळलं. नावं वाचत, प्रत्येक नावाला शिवी देत तो वर सरकत गेला आणि पायाखालून एकेक अपराधी गळत गेला. शेवटी बुंध्याच्या टोकाला एकच उरलं. त्यावर त्यानं दोन्ही बुटांची टोकं टेकवली आणि झाडाला मिठी मारली. वरची फांदी हात पुरेल अशी होती एकेकाळी. ठोकायला जागा हवी म्हणून त्यानंच ती कापली होती.

खाली डीकन आरामात अंग घासत होता.

मग चर्चला निघालेले ट्रक आले. एक थांबला म्हणून दुसरा थांबला. प्रत्येकाच्या मागच्या काचेला रायफल टांगलेली.

"अगं बाई, डेल्मर!" इमोजीन आजी खिडकीतून म्हणाली. "रविवारचा झाडावर?"

"गोळी घाला ह्या डुकराला! हार्लन, तुझ्याकडे आहे ना रायफल!"

"आहे की," हार्लन म्हणाला. "पण मॅगझिन घरचं आहे रे. अडकतं म्हणाला होतास. उगीच जनावर चिडायचं."

"दुसरं कुणी घाला!"

"आमचीही घरचीच," कुणीतरी म्हणालं. आणि हशा पिकला. डेल्मरच्याच शनिवारचा हशा, फक्त तोंड फिरवून आलेला.

वेन्डेल टाय नीट करत पुढे आला. "दाजी, कशावर उभे आहात?"

"तुझ्याच... तुझ्याच मॅगझिनवर."

"उतरा. भंगार आहे ते. पडाल."

"चांगलं आहे रे ते! पास! पास केलं मी!"

"आणि काल अडकलं ते?"

डीकननं बुंध्याला धडक दिली. झाड हललं, खिळा हलला नाही.

"मी वाकवलं!" डेल्मर किंचाळला. "पकडीनं! माझ्या ह्या हातांनी!"

वेन्डेलनं लोकांकडे वळून पाहिलं. "ऐकलंत ना सगळ्यांनी?" लोकांनी माना डोलावल्या. डेल्मरनं श्वास सोडला.

"आता मार रे त्याला, वेन्डेल."

"मारीन की. पण दाजी, तोंडानं पास म्हणून होत नसतं. छळ पुरा व्हावा लागतो, तुम्हीच शिकवलंत." त्यानं हॅट घातली. "अजून थोडा वेळ उभे राहा. चर्च सुटलं की बघू, टिकतं का."

"वेन्डेल! अरे, नोव्हेलाची शपथ आहे तुला!"

"ताईनं तुम्हाला घातली होती तशीच? मला सांभाळायची?"

चर्चची घंटा वाजली. "आम्ही प्रार्थना करू हो तुझ्यासाठी," इमोजीन आजीनं काच वर करता करता सांगितलं.

शेतांवरून डेल्मरला भजनं ऐकू आली. मग प्रवचन. क्षमेवर होतं, असं नंतर कळलं, आणि नेहमीपेक्षा लांबलं. त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. मग शेवटचं भजनही थांबलं आणि ट्रक काही येईनात. वाऱ्यावर चर्चच्या पंगतीतल्या तळलेल्या कॅटफिश माशाचा वास आला, मक्याच्या पावाचा आला. आता पानं वाढली असतील, आता कुणीतरी मीठ मागितलं असेल. वेन्डेल गोड दोनदा घेतो, हे त्याला ठाऊक होतं. खाली डीकन पाय पसरून बसला होता, चर्चमधल्या शेवटच्या बाकावर बसल्यासारखा.

डेल्मरनं पायाखाली पाहिलं. मॅगझिन तसंच होतं, सरळ. वाकत चालला होता तो स्वतः.

गाव जेवून आलं तेव्हा डीकन निघून गेला होता. जाताना त्यानं डेल्मरचा डावा बूट रिकामा करून ठेवला होता. डेल्मर हात सुटून खाली आला होता आणि मुळाशी पडून कण्हत होता. वेन्डेलनं शिडी आणलेली; आधी तो वर चढला. खिळा उपटला, मॅगझिन पुसलं, गोळ्या भरल्या आणि हार्लनच्या रायफलीला लावून आकाशात झाडल्या. एकही अडकली नाही. तळाच्या कडेतल्या खिळ्याच्या भोकातून ऊन आरपार दिसत होतं.

"पास," तो म्हणाला. मग सगळ्यांनी मिळून दाजींना ट्रकमध्ये घातलं, जरा आदळूनच.

डेल्मर जगला, पण त्या दिवसापासून तो उरलेल्या एका पायावर तोलून चालतो आणि वेन्डेलच्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून लांबचा फेरा घेतो. शनिवारी खाणीत आता कुणी जात नाही. ओकावर फक्त एक बूट आहे, त्याच सहा इंची खिळ्यावर, शेजारी लाल रंगात डेल्मरचं नाव. तिथून जाताना हार्लन दर रविवारी ट्रक हळू करतो आणि म्हणतो, "बंदुकीचा दोष नव्हता हो. मॅगझिनचाही नव्हता."