कुंकू लावलेला फिल्टर

मी एक जुना फिल्टर आहे आणि मी परीक्षेत पास झालो. मित्रांनो, आता हे वाक्य विसरून जा. नोंदवहीत लिहिलं आहे, 'चाचणी झाली नाही.' नोंदवहीपुढे माझं काय चालणार?

माझा जन्म देऊळघाटजवळच्या टेकडीवर, मायक्रोवेव्ह केंद्रात झाला. तिथल्या मनोऱ्यावर टेलिफोनची बोलणी लहरींवर बसून यायची. त्यांत नको त्या लहरीही घुसायच्या. फिल्टरचं काम पंगतीच्या दाराशी उभ्या असलेल्या मामासारखं. आपल्या माणसाला आत सोडायचं, बाकीच्यांना हात जोडायचे. माझ्याआधीचा फिल्टर म्हशीच्या गव्हाणीएवढा होता. वडनेर भोलजीचे उत्तमराव तिथे इंजिनिअर. त्यांनी तांब्याची लांब पट्टी जिलबीसारखी वळवली. वळशावळशांत लांबी मावली, जागा वाचली. अशा दोन जिलब्या शेजारीशेजारी, चुन्याच्या डबीएवढ्या पितळी डबीत. फार जवळ ठेवल्या तर आपसातच बोलत बसतात, लांब ठेवल्या तर ओळख देत नाहीत. ते अंतर शोधण्यात उत्तमरावांची दोन वर्षं गेली. मी मनोऱ्यावर चढावं, एवढीच त्यांची इच्छा होती. माझीही.

पण पट्टी केसभर आखूड कापली गेली होती. माझा सूर जरा वर लागायचा आणि मीटरचा काटा निजून राहायचा.

खंडेनवमीला केंद्रात हत्यारांची पूजा झाली. झाडलोट करणाऱ्या रुक्मिणीबाईंनी पक्कड, पाना, शिडी, सगळ्यांना कुंकू लावलं.

"साहेब, या डबीलेच काऊन उपाशी ठेवलं?"

"बाई, ते हत्यार नाही."

"मंग काय फराळाचं हाय?"

उत्तमराव जेवायला गेले, तेव्हा बाईंनी झाकण उघडून दोन्ही जिलब्यांना ओलं कुंकू लावलं. ते वाळलं. त्या थराने लहरीची चाल जरा मंदावली आणि माझा सूर केसभर खाली आला. बरोबर जागेवर.

दसऱ्यानंतर मुंबईहून तपासणीचे साहेब आले. मला जोडलं आणि काटा ताडकन उभा राहिला. साहेबांनी झाकण उघडलं.

"हे काय?"

"कुंकू, सर," उत्तमराव म्हणाले. त्यांनाही तेव्हाच कळलं.

"साहित्यसूचीत नाही. पुसा."

पुसलं. काटा पुन्हा निजला.

"सर, नवीन कापतो. पंधरा दिवस द्या."

साहेबांची गाडी शेगावहून चार वाजता होती. त्यांनी नोंदवहीत 'चाचणी झाली नाही' एवढंच लिहिलं. महिन्याभरात उत्तमरावांची बदली झाली. जाताना त्यांनी मला कपाटात ठेवलं आणि झाकण घट्ट बसलंय ना, ते दोनदा दाबून पाहिलं.

लहरींवरचा एकच आवाज ऐकायचा, बाकीचे बाहेर ठेवायचे, हे माझं शिक्षण. कपाटात तो एकही येत नाही. मात्र दर खंडेनवमीला रुक्मिणीबाई यायच्या. "घे बापा, तूही जेव," म्हणत कुंकू लावायच्या. त्या दिवशी मी अगदी सुरात असायचो. जोडलेला मात्र कशालाच नसायचो.

गेल्या दोन खंडेनवम्या कपाट उघडलं नाही. बाई वारल्याचं मला कपाटापलीकडच्या बोलण्यावरून कळलं.

मित्रांनो, पुसण्याआधी एकदा विचारत जा. बाकी माझा अर्ज असा:

सबब विनंती की, रुक्मिणीबाई यांना येत्या खंडेनवमीस देवाघरून एक दिवसाच्या प्रतिनियुक्तीवर या केंद्रात पाठवण्यात यावे. कुंकू त्यांनी स्वतः आणावे. ते अद्याप साहित्यसूचीत नाही.