बाबांच्या झग्याचं रक्त

माझ्या धाकट्या जावेच्या बाहेरच्या खोलीत त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांनाही माणसं लटकली होती. मधल्या टेबलावर ओलं पांढरं फडकं पसरलं होतं आणि खुर्चीत धुळीचे कण बघून शाप सांगणारे कणबाबा, मांडीवर त्यांची ती सिद्ध की काय म्हणतात ती पांढरी मांजर. बाबांनी कुत्र्याच्या अंथरुणातून चिमूटभर काळे कण उचलले, सगळ्यांना दाखवले आणि फडक्यावर सोडले. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. बघता बघता प्रत्येक कणाभोवती लालसर वर्तुळ उमटायला लागलं.

"रक्त!" कुणीतरी किंचाळलं. सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"कण बोलला," बाबा म्हणाले. "या घराचं रक्त कुणीतरी पितंय. पोरीच्या पायांवरचे लाल ठिपके बघा. चार पायांचा वैरी घरात, आणि तुम्ही त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळता?"

चार पायांचा वैरी म्हणजे भोपळ्या, जावेचा नऊ वर्षांचा लठ्ठ कुत्रा. तो त्या वेळी टेबलाखाली बसून बाबांचाच अंगठा चाटत होता.

"रविवारी सकाळी त्याला पुलापलीकडे सोडायचं. सोडणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. मग घर सात दिवस बंद."

माझी पुतणी भोपळ्याच्या गळ्यात पडून रडायला लागली. दिरांनी मान डोलावली. सासूबाई म्हणाल्या, "बाबांचा शब्द म्हणजे शब्द." जाऊ तेवढी माझ्याकडे बघत राहिली, कारण हे सगळं आमच्या घरात एकदा होऊन गेलेलं तिला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे पिसवा झाल्या होत्या. मी दुकानात असताना सासूबाईंनी बाबांना बोलावलं. मी घरी आले तेव्हा फडकंही नव्हतं आणि माझी मांजर काजळीही नव्हती. आमच्या ह्यांनी तिला पोत्यात घालून पुलापलीकडे सोडलं होतं. मी आठ दिवस तिकडे हाका मारत फिरले. ती सापडली नाही. मग घर सात दिवस बंद ठेवलं, आणि दार उघडून आत पाऊल टाकलं तर पिसवा गुडघ्यापर्यंत उडाल्या. बाबा म्हणाले, शाप फारच चिवट आहे, आणि त्यावर उतारा म्हणून सासूबाईंच्या बोटातली अंगठी घेऊन गेले. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात होता. त्याला माफ करावं असं मला एक दिवसही वाटलं नाही.

माझी लाँड्री आहे. डागांवर माझं पोट चालतं. फडक्यावरची ती वर्तुळं मी गुरुवारी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली आणि लगेच ओळखली. वाळलेलं रक्त थंड पाण्यात असंच सुटतं. म्हणजे रक्त खरं होतं. पण ते धुळीत आलं कुठून?

शुक्रवारी भोपळ्याच्या अंथरुणातले कण पुडीत बांधून मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पुडी उघडली आणि हसल्याच.

"अहो, ही पिसवांची विष्ठा. पिसवा रक्त पितात, ते वाळून असं पडतं. पाण्यात टाकलं की लाल होणारच. आमची रोजची तपासणी आहे ही. कंगवा फिरवायचा, निघालेलं ओल्या कागदावर झटकायचं. लाल झालं तर पिसवा, नाही झालं तर नुसता मळ."

"मग हे त्या बाबाला कसं माहीत?"

बाईंनी पुडी खाली ठेवली. "डाव्या भुवईत ओरखड्याची खूण आहे का त्याच्या?"

होती.

"आमच्याकडेच होता. कुत्री विंचरायला. औषधं चोरताना सापडला म्हणून काढला."

खरं तर एवढ्यावर काम झालं असतं. पण मला त्याला नुसतं खोटं पाडायचं नव्हतं. त्याचं तोंड त्याच्याच फडक्यावर काळं झालेलं मला बघायचं होतं.

देव आहे की नाही माहीत नाही, पण धुणं आहे. दर शनिवारी बाबांचा पांढरा झगा आमच्याकडे धुवायला येई, सासूबाईंचा हुकूम म्हणून फुकट. मला त्याची इतकी किळस की मी तो चिमट्याने उचलून थेट मशीनमध्ये टाकायची. ज्या बाईला पदराच्या टोकावरचा डाग दिसतो, तिने दोन वर्षांत तो झगा कधी उलगडून पाहिला नव्हता. माझ्याच रागाने मला आंधळं केलं होतं. या शनिवारी मी तो टेबलावर पसरला. मांडीच्या जागी, जिथे ती सिद्ध मांजर बसते, तिथे काळे कणच कण.

रविवारी सकाळी जावेच्या दारात गर्दी जमली. दीर दोरी घेऊन उभे होते. मी बगलेत गाठोडं आणि हातात पुडी घेऊन पुढे झाले, मान खाली घालून.

"बाबा, भोपळ्याला न्यायच्या आधी एकदा फडकं बघा ना. आणखी कुणी वैरी असला तर?"

"शहाणी झालीस," बाबा खूश झाले.

मी फडकं ओलं केलं आणि त्यावर पुडी झटकली. बाबा पुटपुटले. वर्तुळं उमटली, गुरुवारपेक्षा मोठी आणि गडद. लोक मागे सरकले.

"अरे बापरे!" बाबांना चेवच चढला. "हे तर कुत्र्याच्या वरताण! ज्याच्या अंगावरचे हे कण, तो या वस्तीत क्षणभर राहता कामा नये. आजच्या आज पुलापलीकडे!"

"नक्की?"

"कणबाबाचा शब्द आहे!"

मी गाठोडं सोडलं. झगा वर धरला. कॉलरला आमच्या लाँड्रीची चिठ्ठी होती, तिच्यावर सासूबाईंच्या हातचं 'बाबा'.

"पुडीतले कण या झग्यावरचे. आणि झगा तुमचा आहे, बाबा."

सगळ्यांच्या नजरा झग्यावरून बाबांकडे वळल्या. मग बाबा ओरडले, "ही बाई माझ्यावर जळते!"

"जळते ना. दोन वर्षं जळतेय."

पुतणी पुढे आली. तिने भोपळ्याच्या पाठीवरून कंगवा फिरवला, कण फडक्यावर झटकले आणि डोळे मिटून बेचा पाढा म्हटला. बे चोक आठपर्यंत वर्तुळं लाल झाली होती. लोक हसायला लागले, आणि त्या हसण्याने बाबा जितके खचले तितके शिव्यांनी खचले नसते.

तेवढ्यात मी बोलावून ठेवलेल्या डॉक्टरीणबाई दारातून आत आल्या. "काय, ओळखलंस का?" बाबा भुवई झाकायला लागले. बाईंनी त्याची सगळी हकीकत सांगितली आणि सात दिवसांचं कोडंही उलगडलं. पिसवांची पिल्लं फटींत कोश करून पडून राहतात. घर रिकामं असेपर्यंत बहुतेक हलत नाहीत. माणसाच्या पावलांचा हादरा आणि ऊब लागली की सगळ्या एकदम बाहेर. "म्हणजे घर बंद ठेवायला सांगितलं की शाप आपोआप चिवट होतो," बाई म्हणाल्या, "आणि बाबा पुन्हा बोलावले जातात."

सासूबाई उठल्या. त्याच्यासमोर हात पसरून एवढंच म्हणाल्या, "अंगठी." ती त्याच्याच करंगळीत होती.

मग लोकांनी बाबांना पुलापर्यंत पोचवलं. कुणी हात उगारला नाही, मी उगारू दिला नाही. पूल ओलांडताना तो थांबला आणि वळायला लागला.

"मागे वळून बघायचं नाही, बाबा," मी ओरडले. त्या दिवशी मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू?

सिद्ध मांजर डॉक्टरीणबाई घेऊन गेल्या. भोपळ्याच्या मानेवर दर महिन्याला औषध पडतं. त्याचं अंथरूण आणि घरातल्या चादरी मी दर आठवड्याला कढत पाण्यात काढल्या, जावेने रोज फटी झाडल्या, आणि घर एक दिवसही बंद ठेवलं नाही. दोन-अडीच महिन्यांत पिसवा संपल्या. यात चमत्कार नाही, कंटाळवाणं काम आहे.

आमचे हे अजूनही पुलावरून जाताना गप्प होतात. अंगठी परत आली, काजळी आली नाही.

म्हणून सांगते, कुणी तुमच्या घरात येऊन रक्त दाखवलं तर हात जोडायच्या आधी विचारा, हे आलं कुठून? तोच कण घ्या, पाणी घ्या, मंत्र न म्हणता स्वतः करून बघा. पाच मिनिटं लागतात. माझ्या मांजरीसाठी तेवढी पाच मिनिटं कुणी काढली नाहीत.