एकेचाळिसाव्या मिनिटाचं भूत

पहिली चाळीस मिनिटं सगळं झकास चाललं होतं. चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत एरवी गिऱ्हाईकं एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचायची. त्या रविवारी सकाळी तिथे बारा माणसं स्टुलांवर जीव मुठीत धरून बसली होती आणि भिंतीवर सिनेमा चालू होता. एका काकांनी बिस्किटांचा पुडा फोडला होता, पण आवाज होईल म्हणून आत हात घालायची हिंमत त्यांना होत नव्हती. एकेचाळिसाव्या मिनिटाला जिन्याच्या टोकाशी भूत आलं, आणि सगळी खोली खो खो हसत सुटली.

सगळी म्हणजे तिघं सोडून. एक दादा, दुकानाचा मालक आणि सिनेमाचा दिग्दर्शक. दुसरी त्याची आतेबहीण, जिने सिनेमा कापून-जोडून उभा केला होता. एरवी ती लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची आणि नातेवाइकांची लांबलचक भाषणं निर्दयपणे उडवायची, म्हणून घरात तिला कात्री म्हणत. तिसरं, मागच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसलेलं, खुद्द भूत. ते भूत दादाची आत्या होतं आणि कात्रीची मावशी.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एक बाई एका जुन्या घरात भाड्याने राहायला येते आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी असल्याची तिला चाहूल लागते. बस्स. पैशांच्या नावाने ठणठणाट होता, त्यामुळे हाताशी जे होतं त्यावरच भागवलं होतं. गंमत म्हणजे त्यातलं बरंच जमून आलं होतं. घर मावशीचंच. तिथल्या लाकडी कपाटाचं दार जमिनीच्या उतारामुळे आपोआप उघडायचं, तेही इतकं सावकाश, की आतून कोणीतरी विचार करून ढकलतंय असं वाटावं. नायिका स्कूलबस चालवणारी. तिला अभिनय औषधालाही येत नव्हता, पण ऐकता मात्र विलक्षण येत होतं. मागच्या सीटवर काय चाललंय ते मान न वळवता ओळखायची तिला वर्षानुवर्षांची सवय. ती नुसती डोकं किंचित तिरकं करून थांबली की बघणाऱ्याचेही कान टवकारायचे.

लंगड्या बाजूही होत्या. नायक म्हणजे दादाचा फिजिओथेरपिस्ट मित्र. तो प्रत्येक वाक्य 'आता गुडघा वाकवा'च्या सुरात म्हणायचा. संवाद दादाने लिहिले होते, आणि दादाचं एकदा सांगून कधीच समाधान होत नसे. "वर कोणीतरी आहे!" "कोण आहे वर?" "वर कोणीतरी आहे असं मला वाटतं!" हेही लोकांनी पोटात घातलं असतं. घोडं अडलं ते भुतापाशी. पुतळ्याच्या डोक्यावरचा विग, तोंडभर टाल्कम पावडर, पांढरा गाऊन. मावशी एक हात पुढे करून जिना उतरायची आणि दुसऱ्या हाताने कठडा धरायची, कारण तिचा डावा गुडघा दुखायचा. त्यात दादाने प्रेक्षक म्हणून बोलावली होती ती त्याच आठवड्यात नवे चष्मे नेलेली गिऱ्हाईकं. त्यांना भुताच्या मनगटावरचं घड्याळसुद्धा लख्ख दिसलं.

"साडेदहा वाजलेत," पुढची एक बाई म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

मावशी हळूच उठली. "दूध गॅसवर ठेवून आलेय बहुतेक," असं कोणालाच उद्देशून न म्हणता ती निघून गेली.

सगळे पांगल्यावर दादा स्टुलं रचत म्हणाला, "हसले म्हणजे एन्जॉय केलं ना त्यांनी?"

"दादा, भूत काढावं लागेल."

"मग सिनेमात उरेल काय?"

"पहिली चाळीस मिनिटं उरतील. तेवढीच चांगली आहेत."

दादा चष्म्याची फ्रेम पुसत बसला. फ्रेम स्वच्छच होती. "तूच सांग तिला. तुला कापायची सवय आहे."

"मी? तिने आपल्याला घर दिलं, तीन आठवडे सगळ्यांना जेवू घातलं, त्या विगने तिच्या कपाळावर पुरळ उठलं. आणि दिग्दर्शक तू आहेस!"

शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी दोघंही मावशीकडे गेली. रस्ताभर दादा वाक्यं घोकत होता. "आत्या, तुझं काम उत्तमच आहे, पण कथेची गरज..." दार उघडलं तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "आत्या, दूध उतू गेलं का?"

"दूध ठेवलंच नव्हतं," मावशी म्हणाली. "बसा."

तिने पाणी आणलं, समोर बसली आणि थेट विषयाला हात घातला. "ते लोक हसले त्याचं मला काही नाही. परके लोक. पण तुम्ही दोघं हसला नाहीत. खाली मान घालून बसलात. म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

दादाने कात्रीकडे पाहिलं. कात्रीने पाण्याचा घोट घेतला. पण मावशी तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती, त्यातली शेवटची बारा मेट्रन. समोरचा बोलेपर्यंत ती वाट बघत बसू शकायची.

"हो," शेवटी कात्री म्हणाली. "पहिल्याच दिवशीच्या क्लिप बघितल्या तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू खूश होतीस गं. रोज सकाळी आमच्या आधी तयार होऊन बसायचीस. मला धीरच झाला नाही."

"म्हणून बारा लोकांसमोर कळू दिलंत." मावशीचा आवाज चढला नाही. दादा कधी नव्हे ते एकाच वाक्यात थांबला. "चुकलो आत्या."

मावशी उठून खिडकीशी गेली, पडदा उगाच सारखा केला. परत आली तेव्हा तिच्या हातात वही-पेन होतं. "लाव तो सिनेमा. पहिल्यापासून. काल मी माझीच वाट बघत बसले होते, बाकीचं काही बघितलंच नाही."

लॅपटॉपवर तिने चाळीस मिनिटं पापणी न लववता पाहिली. मध्ये दोनदा थांबवायला लावून काहीतरी लिहिलं. भूत यायच्या आत स्वतःच लॅपटॉप मिटला.

"तो गुडघेवाला कमी बोलला तर बरं. आणि एक सांगते. वॉर्डात सुईला कोणी फारसं घाबरत नाही. सुई दोन सेकंदांची. लांबून ट्रे येताना वाजतो ना, तिथेच पेशंट अर्धा होतो. तुम्ही ट्रे छान वाजवलात आणि मग सुई म्हणून मला पाठवलंत, पावडर थापून."

"मग वर आहे तरी कोण?" दादाने विचारलं. हा प्रश्न त्याला सिनेमा लिहिताना पडायला हवा होता.

मावशीने थोडा विचार केला. "माझ्यासारखीच कोणीतरी. काम संपलं तरी न गेलेली. नवा पेशंट यायचा असला की काय करतात? पलंग तयार करतात."

तिने कपाटातून धुतलेली चादर काढली आणि तिघं वर गेली. दुपारच्या उन्हावर कात्रीने जाड पडदे ओढले, शूटिंगनंतर तिथेच राहिलेला कॅमेरा पॅसेजच्या जिन्याकडच्या टोकाला ठेवला. विग नाही, पावडर नाही, घड्याळ काढलेलं. मावशी खोलीत पाठमोरी उभी राहिली आणि रिकाम्या पलंगावर चादर घालू लागली. एका झटक्यात चादर पसरली. गादीचा कोपरा उचलला, कापडाची तिरकी घडी घातली, आत दाबली. मग दुसरा कोपरा. कुठेही घाई नाही. उशीला एक थाप मारली, मध्ये डोक्याएवढा खळगा केला आणि एक पाऊल मागे जाऊन तिने पलंगाकडे पाहिलं, कोणी नीट मावेल की नाही याचा अंदाज घेतल्यासारखं. मग मान किंचित दाराकडे वळवली, चेहरा दिसणार नाही इतकीच.

कात्रीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने मागे पाहिलं तर दादा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उतरून उभा होता.

"तू कुठे चाललास?"

"काही नाही," दादा म्हणाला. "इथून ऐकू कसं येतं ते बघतोय."

मावशी त्याच तंद्रीत म्हणाली, "झालं का? की अजून एकदा करू? तिसरा कोपरा ढिला राहिलाय."

तीन महिन्यांनी छोट्या सिनेमांच्या एका महोत्सवात त्यांच्या सिनेमाला दुपारचा खेळ मिळाला. नायकाचे निम्मे संवाद कात्रीने उडवले होते, तरी तो किंचाळला तेव्हा लोक फिसकन हसलेच, आणि मागून कोणीतरी, बहुधा त्याचाच एखादा पेशंट, "डॉक्टर, हळू!" म्हणालं. एका जागी माइक वरून डोकावला होता, तोही राहून गेला होता. दादा खुर्चीत खाली खाली घसरत होता. मग नायिका जिना चढून वर गेली, डोकं तिरकं करून थांबली, आणि पॅसेजच्या टोकाला चादर पसरली.

कोणी हसलं नाही. पहिला कोपरा, दुसरा कोपरा. उशीत खळगा पडला तेव्हा पुढच्या रांगेतून "नको गं बाई, जाऊ नको" असं स्पष्ट ऐकू आलं. मावशीच्या शेजारी एक अनोळखी मुलगी बसली होती. तिने अंधारात खुर्चीचा हात समजून मावशीचाच हात गच्च धरला. मावशीने तो सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताची दोन बोटं अलगद तिच्या मनगटावर ठेवली.

बाहेर आल्यावर दादा आणि कात्री तिच्याकडे धावले. "कसं वाटलं?"

"एकशे अठरा," मावशी म्हणाली.

"काय?"

"नाडी. माझ्या शेजारच्या मुलीची. बसल्या जागी." आणि ती इतकी मोकळी हसली, की कॉफी घ्यायला उभे असलेले लोक वळून बघायला लागले.

दादाला तो आकडा लगेच पोस्टरवर छापायचा होता, सर्वांत मोठ्या अक्षरांत. मावशीने साफ नाही म्हणून सांगितलं. पेशंटची गोष्ट चारचौघांत सांगायची नसते, असं तिचं म्हणणं पडलं.