हौदाचं मीठ

रविवारी दुपारी अप्पा छातीपर्यंतच्या पाण्यात चालत होते. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, म्हणून माझ्या भावानं, महांतेशनं, लातूरच्या घरामागं छोटा स्विमिंग पूल बांधून घेतला होता. अव्वा, आमची आई, त्याला हौद म्हणायची. क्लोरीनच्या पावडरीनं अप्पांचे डोळे चुरचुरायचे, म्हणून दिवाळीनंतर मी मिठावर चालणारं यंत्र बसवायला लावलं. पाण्यात मीठ विरघळवायचं. यंत्रातल्या पट्ट्यांमधून वीज गेली की त्या मिठातूनच क्लोरीन तयार होतो.

"किती वेळ मिठाच्या पाण्यात?" अव्वा काठावरून म्हणाली. "लोणचं व्हायलंय तुमचं."

"मग वर्षभर टिकतो की," अप्पा म्हणाले.

संध्याकाळी मी नांदेडला परतले. सोमवारी अकराला कॉलेजच्या जिन्यात होते, तेव्हा त्यांचा फोन आला.

"मंजू, यंत्राची लाल बत्ती लागलीय. बोअरचं पाणी, पट्ट्यांवर क्षार धरलाय. ॲसिडनं धुऊ का?"

"धुवा. पाणी भरपूर घ्या, ॲसिड थोडं."

"कोणत्या बादलीत?"

"कोणतीही घ्या हो अप्पा. माझा तास आहे."

"हाव, जा जा. पोरं थांबली असतील."

त्यांनी पंपाच्या खोलीतली निळी बादली घेतली. तिच्या तळाशी जुनी क्लोरीनची पावडर उरलेली होती. त्या खोलीला खिडकी नाही. ॲसिड पडताच वायू सुटला. अव्वाला ते दाराशी पडलेले सापडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून पुरतात आणि खड्ड्यात विभूतीबरोबर मीठ घालतात. मिठासाठी बाजारात कोणाला पाठवावं लागलं नाही. हौदासाठी आणलेली दोन पोती पंपाच्या खोलीत होती. महांतेशनं ती खांद्यावरून आणली. मीही ओंजळभर घातलं. अप्पांच्या खांद्यावरून ते खाली सरकत गेलं.

तिसऱ्या दिवशी भुजंग भेटायला आला. यंत्र त्यानंच बसवलं होतं. तो टेकतो न टेकतो तोच महांतेश उठला.

"लाज न्हाई वाटली यायला? ॲसिड अन् पावडर एकत्र येऊ द्यायची न्हाई, एवढं सांगता आलं न्हाई तुला? उद्या पोलिसांत जातो. दुकानच बंद करतो तुझं."

बसलेल्या लोकांनी माना हलवल्या. भुजंगनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. यंत्र बसवलं त्या दिवशी त्यानं मला दोनदा सांगितलं होतं, "ताई, ती निळी बादली फेकून द्या. तिच्यात ॲसिड पडलं तर माणूस वाचत न्हाई." अप्पा झोपले होते. उठले की सांगते, म्हणाले होते मी.

भुजंग उठला, हात जोडले आणि चप्पल पायात घालू लागला.

"थांबा, भुजंगभाऊ," मी म्हणाले.

अव्वानं वर पाहिलं.

"महांतेश, यांनी सांगितलं होतं. मला. मी अप्पांना सांगायचं विसरले. आणि सोमवारी अप्पांनी मला फोन करून विचारलं होतं, कोणत्या बादलीत. मी म्हटलं, कोणतीही घ्या."