तुटण्यासाठी वळलेला दोर

मी एक दोर बोलतोय. गोड बोलायची अपेक्षा ठेवू नका.

मला मुद्दामच कच्चं वळलं. कारखान्यात शेजारच्या यंत्रावर पक्के दोर तयार व्हायचे आणि कामगार मला बघून हसायचे. पण सरकारचा हुकूमच तसा होता. या समुद्रातले देवमासे संपत आले होते. खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे दोर अंगात रुतून ते मरायचे. देवमाशानं जोर लावला की मी तुटायचं, एवढंच माझं काम.

बंदरावर मत्स्यखात्याच्या निरीक्षक बाई मच्छीमारांना माझी वेटोळी वाटत होत्या. रांगेत त्यांचा सख्खा मोठा भाऊही होता.

"घे दादा."

"दादा घरी. इथं तू सरकार!" तो खेकसला. "हा दोर की सुतळी? वादळात पिंजरे गेले तर तुझं खातं आणून देणार का?"

"आणि देवमासे गेले तर कोण आणून देणार?"

"मग त्यांनाच भाऊ म्हण."

त्यानं मला पायानंच बोटीत ढकललं. वर लबाडी केली ती वेगळीच. पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाजवळ, तपासणीत दिसेल एवढंच मला बांधलं आणि खाली गाठ मारून जुना पक्का दोर जोडला.

एका सकाळी देवमाशाची मादी पिलाला घेऊन आली. जोराचा हिसका बसला आणि मी तुटलो. माझं काम मी चोख केलं! पण खालचा दोर तिच्या जबड्याभोवती आवळला. पिंजरे ओढत ती तशीच निघाली. पिलू तिला सारखं ढुशा देत होतं.

निरीक्षक बाई दोन दिवस तिच्या मागावर होत्या. तिसऱ्या दिवशी लांब दांड्याच्या कोयत्यानं त्यांनी दोर कापला. मादी सुटली. हाती आलेल्या पिंजऱ्यावर भावाचा परवाना क्रमांक होता आणि गाठीला माझा तुकडा लोंबत होता. बाईंनी तो क्रमांक दोनदा वाचला. मग पंचनामा लिहिला.

"माशापायी सख्ख्या भावावर खटला?" घरी दोघांच्या आईनं विचारलं आणि ताट बाजूला सारलं.

कोर्टात भावाचा वकील म्हणाला, "बाईंनीच आकसानं ही गाठ मारली."

भाऊ ताडकन उठला. "गाठ माझी आहे. माझी बहीण खोटं बोलत नाही."

वर्षभरासाठी त्याचा परवाना गेला. बाहेर बाईंनी "दादा" अशी हाक मारली. "माझ्याशी बोलू नकोस," म्हणत तो निघून गेला. आजतागायत दोघं बोललेले नाहीत.

मी आता कचेरीच्या लोखंडी कपाटात, सीलबंद पिशवीत पडलोय. परवा बाई नोंदवहीत लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होत्या, ते मी ऐकलं. जबड्यावर व्रण असलेली मादी पुन्हा दिसली, पिलू मोठं झालंय.

माणसांनो, मला कच्चा म्हणा, शिव्या घाला. पण वर कायद्याला दाखवायचं आणि खाली गळा आवळायचा, या कामात मला गोवू नका. वापरायचं तर मला तळापर्यंत वापरा.