फर, ऐंशी

तोडायच्या झाडांवर खुणा करायच्या दिवसांत आमच्या जंगलात नियम एकच. मी हातोड्याचा शिक्का मारायचा, झाडाची जात आणि जाडी ओरडायची, आणि वहीवाल्यानं तेच ओरडून परत सांगायचं. उत्तर आल्याशिवाय पुढच्या झाडाकडे जायचं नाही.

माझे वहीवाले मारियुस. पेशानं सुतार, तरुणपणीच विधुर झालेले, तोंडाचे फटकळ.

"फर, साठ!"

"फर, साठ! सोलांजबाई, घसा आहे की भोंगा?"

घरी मला उत्तर देणारं कुणी नव्हतं, म्हणून मी जंगलात गरजेपेक्षा मोठ्यानं ओरडायची. हे त्यांना ठाऊक असावं.

डोंगरमाथ्यावरच्या या तुकड्याची पाळी दर आठ वर्षांनी येते. मधोमध एक म्हातारा फर आहे, त्याच्या सावलीत त्याचीच कंबरेएवढी रोपं, त्याची पोरं. स्प्रूस जातीच्या झाडांच्या पोरांना सुरुवातीपासून ऊन लागतं. फर सोशिक. चाळीस वर्षं सावलीत बसून राहतो आणि डोक्यावरचं झाड निघालं की सरसर वर जातो. तीन फेऱ्यांत तिन्ही वेळा मी त्या म्हाताऱ्यावर हातोडा उचलला आणि मारियुस आडवे आले.

"राहू द्या हो बिचाऱ्याला. पोरांना कुठं घाई आहे? पुढच्या फेरीला बघू."

मी शिकलेली फॉरेस्टर, आणि सुताराचं ऐकलं!

तिसऱ्या फेरीच्या संध्याकाळी ते माझ्या दारापर्यंत आले. टोपी काढली. "कॉफी मिळेल का आत?" सोळा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मी आधी माझी नुकती पुसलेली फरशी पाहिली, मग त्यांचे चिखलाचे बूट.

"पुढच्या वेळी," म्हटलं.

पुन्हा विचारणाऱ्यातला तो माणूस नव्हता. यंदा मार्चमध्ये ते गेले. ऑफिसनं गळ्यात अडकवायला नोंदी करायचं यंत्र दिलं. साहेब म्हणाले, "आता एकट्यानं होतं काम."

आज चौथ्या फेरीला म्हाताऱ्यापाशी आले आणि आधी वाकून पोरं पाहिली. फार थांबलेल्या फरचा शेंडा वाढायचा थांबतो, डोकं टेबलासारखं सपाट होतं. अकरांपैकी नऊ सपाट झाली होती. दोघांना तेवढा बोटभर शेंडा होता. फर सोशिक खरा, पण त्यालाही मर्यादा आहे. मारियुसना दोष देण्यात अर्थ नाही, हातोडा माझ्या हातात होता.

त्या दोघांसाठी म्हाताऱ्याची साल तासली, शिक्का मारला.

"फर, ऐंशी!"

यंत्रात आकडा दाबला. ते टुक् वाजलं. नियमाप्रमाणे मी थांबले. मारियुसना ऐकू गेलं नसावं तशी आणखी मोठ्यानं पुन्हा ओरडले, आणि थांबले. रडू आलं, डोळे पुसले नाहीत. बघायला होतं कोण?

मग जिथं ते वही घेऊन उभे राहायचे, तिकडे वळून म्हटलं, "अहो, या ना आत. बूट असू देत तसेच."