साठ ओळी, तीनशे पावलं

ओळ पहिलीच्या आधी

"आजी, तुम्ही सहासष्टच्या. ओळखपत्र दाखवा आणि सरळ आत जा, तुम्हाला तिकीट माफच आहे. पाठ कशाला म्हणताय?" खिडकीतली याओ म्हणाली.

"वयाचं फुकट नको मला, पोरी. वय बसल्या जागी वाढतं. मला पाठांतराचं फुकट हवंय."

नदीवरच्या या मनोऱ्यात एक जुनी कविता कोरलेली आहे. ती न चुकता म्हणणाऱ्याला तिकीट माफ, शिवाय लाल शिक्क्याचं प्रमाणपत्र. दिवसाला एकच संधी.

या आजी म्हणजे आमच्या फांगताई. त्यांची शाळा दुसरीतच सुटली. नातवाने कविता फोनवर म्हणून दिली होती, पण चौथ्या ओळीला त्या घोरायला लागायच्या. मग मी उपाय काढला. संध्याकाळी घाटावर बायकांचा नाच मीच घेते. ओळीत पाच शब्द, म्हणून पावलंही पाच. नाव आली की वल्हवायचं. विहीर आली की वाकायचं. बर्फ पडला की बोटं झटकायची. सबंध हिवाळा आम्ही बाराजणी कविता नाचलो. ताईंच्या डोक्यात काही राहिलं नाही, पायांत सगळं राहिलं.

ओळ पहिली

काचेची खोली. स्टूल. समोर स्टँडवर टॅबलेट. परीक्षा तोच घेतो. याओ बाजूला उभी, आम्ही अकराजणी काचेबाहेर.

ताई स्टुलावर बसल्या.

काही नाही.

अजून काही नाही.

"चाऊ," काचेतून त्यांनी मला हाक मारली, "बसून येत नाही गं!"

बसून म्हणायचं असतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"उभ्या राहा," याओ म्हणाली, "पण जमिनीवरच्या लाल चौकटीतच."

ओळ दुसरी ते बत्तिसावी

आल्या. धडाधड आल्या. छोटी छोटी पावलं, जागच्या जागी.

"विहिरीत जास्त वाकू नका, डोकं दिसत नाही!" बाहेरून एकजण ओरडली.

"तुझंच डोकं दिसत नाही," ताई दोन ओळींच्या मध्ये म्हणाल्या. यंत्राने तेही ऐकलं, पण चूक धरली नाही.

ओळ तेहतिसावी

इथे पाहुणा निरोप घेतो. इथे आम्ही सगळ्याजणी पाठ फिरवतो.

अरे देवा. पाठ मीच फिरवायला लावली होती.

ताईंनाही कळलं. त्या वळल्या नाहीत. तोंड उघडं, पाय जमिनीला चिकटलेले, शब्द गायब. मग हळूच उजवा पाय मागे गेला, त्या वळल्या आणि ओळ आली.

"चेहरा दिसत नाही," यंत्र म्हणालं. "दहा. नऊ. आठ."

"वळा!" आम्ही.

"वळले तर ओळ जाईल!" ताई.

"सात. सहा."

याओने टॅबलेट स्टँडवरून उपसला आणि स्टुलावरून उडी मारून पलीकडे गेली.

"चेहरा दिसला. पुढे म्हणा."

ओळ चौतिसावी वगैरे

पाहुणा निघाला तशा ताईही चौकटीबाहेर निघाल्या. तीन पुढे, दोन मागे. याओ टॅबलेट धरून उलटी, तीन मागे, दोन पुढे.

"पोरी, डावा!"

"आजी, मला नाच येत नाही!"

ताईंनी नुसती बोटं झटकली. कवितेत तेव्हा बर्फ पडत होता.

पन्नासाव्या ओळीपर्यंत याओला नाच येत होता.

ओळ साठावी

दोन्ही हात वर!

ताईंचे गेले. काचेबाहेर आमचे बावीस गेले. याओचेही गेले, टॅबलेटसकट, आणि यंत्राने नेमका तेव्हाच प्रमाणपत्रासाठी फोटो काढला.

प्रमाणपत्र छापून आलं. फांग सुचेन. साठ ओळी. चुका शून्य. खाली लाल शिक्का. फोटोच्या चौकटीत छताचा पंखा.

याओ शरमली. "आजी, फोटो परत घेता येईल. फक्त शेवटची ओळ पुन्हा म्हणावी लागेल."

"नुसती शेवटची कशी येईल? पहिलीपासून नाचावं लागेल." ताईंनी कागद तिच्या हातातून घेतला, फोटोतल्या पंख्याकडे कौतुकाने पाहिलं आणि फाटकातून आत गेल्या.